कोंबडीला उठवणारा भाऊ

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. एका राज्याच्या अगदी टोकाला एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक झोपडी. झोपडीत एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहायचे. आईबाप कधीच गेले होते. बहिणीने भावाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तो तिला अक्का म्हणायचा.

अक्का लोकांच्या घरी भात कांडायला जायची. दिवसभर मुसळ उचलायचं आणि टाकायचं. संध्याकाळी पदरात थोडी कणी आणि थोडा कोंडा पडायचा. कणीची पेज दोघांना, कोंडा कोंबडीला. कोंबडी एकच होती, तांबडी.

तिच्यासाठी वेगळं दाणापाणी आणायची ऐपत नव्हती. म्हणून अक्का रानातून वाळवीची ढेकळं आणून अंगणात फोडायची. ओढ्यातले शिंपले कुटून कोंड्यात मिसळायची, म्हणजे अंड्याचं कवच पातळ राहत नाही. या घरात सगळ्यांत चांगलं कोंबडी जेवते, असं भाऊ म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

कांडून कांडून अक्काला खोकला लागला होता. कोंड्याची धूळ छातीत बसली होती. भावाला तो खोकला ऐकवायचा नाही. त्याने ठरवलं, कोंबड्या वाढवायच्या. अंगण भरून कोंबड्या झाल्या की अंड्यांवर भात मिळेल आणि अक्काच्या हातातलं मुसळ सुटेल.

दोघांनी अंडी खायची सोडली. एकेक करून अकरा साठवली. मग एके दिवशी कोंबडी खुडूक झाली. खुडूक झालेली कोंबडी अंडी द्यायची थांबते, पिसं फुगवून एका जागी बसते, आणि हात लावला की टोचते. तिला आता उबवायचं असतं.

अक्काने टोपलीत राख पसरली, वर पेंढा घातला आणि अकरा अंडी मांडली. तेवढ्यात भाऊ धावत आला. त्याच्या फडक्यात आणखी नऊ अंडी होती. शेजारच्या म्हातारीचं छप्पर त्याने चार दिवस राबून शाकारून दिलं होतं आणि बदल्यात ही अंडी मागून घेतली होती.

“अरे, तिच्या पंखाखाली अकराच मावतात,” अक्का म्हणाली.

“पसरेल की पंख. तिला कुठं उडायचंय!”

मागून म्हातारी काठी टेकत आली होती. “काय रे शहाण्या, कोंबडी आहे की घोंगडी, ओढली की लांब व्हायला?”

“आज्जी, तुझं छप्पर गळतंय का आता? नाही ना? मग तू गप बस.”

अक्काला हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता तिने वीसच्या वीस अंडी टोपलीत ठेवली. भावाचा पडलेला चेहरा तिला कधीच बघवत नसे.

कोंबडीने पंख पसरले. तरी कडेची अंडी उघडी राहिली. ती चोचीने कडेची आत ओढायची, तर आतली कडेला जायची. दिवसभर तिचं तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्काने कडेच्या अंड्यांना हात लावून पाहिला. “बघ,” ती भावाला म्हणाली, “ती एकालाही गार पडू देत नाही, म्हणून सगळीच थोडी थोडी गार पडतायत. असं केलं तर वीसही जातील.”

“मग नऊ काढून खाऊन टाकू,” भाऊ म्हणाला. म्हणताना तो अंड्यांकडे बघत नव्हता. चार दिवस तो उन्हात छपरावर होता.

अक्का टोपलीपुढे बसली. तिने नऊ अंडी काढली, मऊ फडक्यात बांधली आणि पोटाशी घट्ट आवळली. मग ती चुलीजवळ भिंतीला टेकून बसली.

“हे काय गं?”

“मलाही खुडूक व्हायला काय झालं? तुझे चार दिवस वाया जायला नकोत.”

भाऊ टाळ्या पिटत हसला.

आता अक्काला कांडायला जाता येईना. तिच्या जागी भाऊ जाऊ लागला. सकाळी तो मुसळ घ्यायचा, दुपारी घरी येऊन कोंबडीला बघायचा. जाताना अक्काने त्याला एक गोष्ट बजावली होती. “अंड्यांवर बसलेली कोंबडी भूक विसरते. पाण्याची वाटी पुढ्यात असली तरी उठत नाही. तिला रोज एकदा दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवायची. नाहीतर ती बसल्या जागी मरेल.”

भावाने ते काम मन लावून केलं. रोज दुपारी तो टोपलीपुढे उकिडवा बसायचा. “चला बाईसाहेब, उठा. जेवून घ्या.” कोंबडी हातावर टोचायची. तो ओरडायचा, पण सोडायचा नाही. तिला अंगणात ठेवायचा, वाळवी फोडून द्यायचा, पाणी दाखवायचा, राखेत लोळू द्यायचा. तोवर अंड्यांवर घोंगडीचा तुकडा टाकून ठेवायचा. कोंबडी पोटभर खाऊन पुन्हा टोपलीत शिरली की तो आत यायचा.

“जेवलीस, अक्का?”

“तू जेव. मी मागून जेवते.”

तो जेवायचा. मडक्यात पेज थोडीच असायची, आणि कांडून आलेल्या माणसाला भूक फार लागते. वाकलं की अंडी दाबली जातील म्हणून अक्का मडक्याकडे वाकत नसे. ढास लागली की अंडी हलतील म्हणून तोंडात पदर कोंबून ती खोकला आत दाबायची. भावाला वाटलं, बसून राहिल्यामुळे अक्काचा खोकला कमी झाला. त्याने तसं गावात सांगितलंही.

पंधराव्या दिवशी म्हातारी आली. तिने अक्काच्या कपाळावर हात ठेवला. “पोरी, अंग भाजतंय की तुझं.”

“बरंच आहे ना आज्जी,” अक्का म्हणाली. “तेवढीच अंड्यांना ऊब.”

भाऊ खो खो हसला. म्हातारी हसली नाही. “हिला उठव रे. चार घास घाल, वैद्याकडे ने.”

“सहा दिवस राहिले आज्जी,” अक्का म्हणाली. “मग उठतेच.”

“ऐकलंस? मग उठतेच म्हणतेय,” भाऊ म्हणाला आणि कोंबडीसाठी वाळवी आणायला रानात पळाला. तो वाईट नव्हता. त्याला घाई होती. पिल्लं दिसत होती, त्यांचा चिवचिवाट आधीच कानात घुमत होता, आणि अक्का तर जन्मापासून तिथेच होती. जे जन्मापासून तिथेच असतं, त्याच्याकडे घाईत कोण बघतो?

एकविसाव्या दिवशी सकाळी टोपलीत टक टक झाली. एक कवच फुटलं, मग दुसरं. भाऊ नाचतच झोपडीत शिरला. “अक्का, फुटली! अकराच्या अकरा!”

अक्का भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले होते. तिच्या फडक्यातूनही चिवचिव ऐकू येत होती.

“अगं, तुझीपण फुटली! झोपलीस काय?” त्याने गाठ सोडली. एक पिल्लू काढलं, दुसरं काढलं. ओली, थरथरणारी, ऊन ऊन पिल्लं. तो मोजत होता आणि हसत होता. सहावं काढताना त्याची बोटं अक्काच्या हाताला लागली. हात गार होता.

त्याने सातवं पिल्लू काढलं नाही. ते म्हातारीने काढलं, नंतर. उरलेली दोन अंडी फुटलीच नाहीत.

गावाने चार लाकडं जमवली. अक्काला उचलून तिरडीवर ठेवताना माणसं एकमेकांकडे बघत होती, इतकी ती हलकी झाली होती. पंधरा दिवसांपूर्वी कुणी तिचा दंड जरी धरला असता, तरी त्याला कळलं असतं.

भाऊ घरी आला. अंगणात कोंबडी अठरा पिल्लं पंखाखाली घेऊन बसली होती. दोन दिवस त्याने कुणाला दाणा टाकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने धोंडा उचलला.

“तुझ्यापायी गेली ती! तुझ्या पोरांपायी!”

त्या काळी जनावरं माणसाशी फार बोलत नसत, पण गरज पडली तर बोलत. कोंबडी जागची हलली नाही.

“मार,” ती म्हणाली. “पण आधी एवढं सांग. एकवीस दिवस मला रोज कोण उठवत होतं?”

“मी.”

“आणि तिला?”

भावाच्या हातातला धोंडा खाली पडला.  मग तो रडत म्हणाला, “ती कधी म्हणालीच नाही. भूक लागली म्हणाली नाही, दुखतंय म्हणाली नाही. मी विचारायचो, तर मागून जेवते म्हणायची.”

“मी तरी कुठं म्हणाले होते?” कोंबडी म्हणाली. “मी तर टोचत होते तुला.”

 कितीही वर्षं शोधलं तरी याला उत्तर सापडत नाही. तो उठला, कोंडा भिजवला आणि पिल्लांपुढे ठेवला, कारण पिल्लं भुकेली होती आणि त्यांचा काही दोष नव्हता.

पिल्लं वाढली. दोन वर्षांत अंगण कोंबड्यांनी भरलं, अंड्यांवर भात येऊ लागला, मुसळ सुटलं. भाऊ रोज दोन वेळा पोटभर जेवू शकत होता. बहुतेक दिवस तो एकदाच जेवायचा.

त्याच्या कोंबड्या दणकट निघाल्या, म्हणून लांबून लांबून लोक पिल्लं मागायला यायचे. तो कुणाला नाही म्हणायचा नाही. फक्त पिल्लू हातात देण्याआधी विचारायचा, “तुमच्या घरात सगळ्यांच्या मागून कोण जेवतं?”

काही जण हसायचे. म्हणायचे, कोंबड्यांत राहून याचं डोकं फिरलं. काही जण मात्र उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि तसेच गप्प व्हायचे. पिल्लू छातीशी धरून ते आले त्याहून भरभर पावलं टाकत घराकडे निघायचे, आणि भाऊ अंगणात उभा राहून ते दिसेनासे होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायचा.

बोध एवढाच: सगळ्यांना ऊब देणारं माणूस स्वतःसाठी कधी उठत नाही, ते नको म्हणालं तरी त्याला रोज हाताला धरून उठवावं लागतं.