हौसाबाईंचं बंद दार

वाळवी लागली म्हणून हौसाबाईंनी घराचं जुनं दार काढून टाकलं आणि नवं ऑनलाइन मागवलं. तोवर चौकटीला चादर टांगली. पण चादरीच्या भरवशावर घर सोडता येईना, आणि तिकडे वाईला लेकीचे दिवस भरत आलेले. दार काही येईना. मोबाइलवर निरोप मात्र दर वेळी यायचा, ‘दार बंद होते. पार्सल परत नेले.’

हौसाबाई तक्रार करत राहिल्या. शेवटी कुरियर कंपनीचे मोठे साहेब, दिघे, स्वतः आले. चादर बाजूला सारून आत शिरले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मावशी, आमची सिस्टिम चुकत नाही. दार बंद होतं म्हणजे होतं."

"असेल की." हौसाबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली, चपला घातल्या. "मग साहेब, जाताना तेवढं ते ओढून घ्या. मी निघाले लेकीकडे."

"अहो, काय ओढून घ्या? घर सगळं उघडं आहे."

"हे तुम्ही म्हणताय. तुमची सिस्टिम नाही म्हणत. काही चोरीला गेलं तर मी पोलिसांना सांगेन, साहेब स्वतः बघून गेलेत, दार बंद होतं."

आणि त्या वाईच्या एसटीत चढल्यासुद्धा.

साहेबांनी गोदामाला फोनावर फोन लावले. संध्याकाळी पार्सलची गाडी आली, तेव्हा ते उंबऱ्यावर बसून शेजारणीची शेळी हाकलत होते.

वाईत लेकीच्या डोक्याला तेल लावत बसलेल्या हौसाबाईंचा मोबाइल वाजला. ‘ग्राहक घरीच होते. पार्सल हाती दिले.’