दस्तगीर वस्ताद खांद्याला हात लावत नाहीत

“वस्ताद, दुखतोय खांदा, अन् तुम्ही पाय का धरून बसलाय?”

भैरू पैलवान तालमीच्या कट्ट्यावर उताणा पडून नुसता धुमसत होता. रविवारी जत्रेचं मैदान. शेवटची, मानाची कुस्ती त्याची. आणि उजवा हात काही केल्या कानापर्यंत जाईना!

दस्तगीर वस्ताद म्हणजे पंचक्रोशीचे हाडवैद्य. पण तऱ्हाच अशी, की दुखतंय ती जागा सोडून बाकी सगळीकडं हात फिरवायचा.

“हा घोटा कधी मुरगळला?”

“कधीच न्हाई.”

वस्तादांनी घोट्याखाली अंगठा टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला.

“आई गं!”

“कधी?”

“गेल्या दिवाळीत,” भैरू पुटपुटला. “सांगितलं असतं तर तुम्ही मातीत उतरू दिलं नसतं.”

पैलवानांची ही जुनीच खोड. मोडलं तरी लपवायचं आणि वर मिशीला पीळ भरायचा. मग त्या पायाचा भार दुसऱ्या पायावर, तिथून कमरेवर, कमरेवरून पाठीवर. शेवटी बिचाऱ्या खांद्यानं बोंब ठोकली.

“पायाचं पायापाशी!” भैरू उसळला. “खांद्याचा एकदा कट्कन आवाज काढा, बास. न्हाईतर मी चाललो दुसरीकडं!”

“जा की. तुला बांधलंय कुणी?”

टाच वस्तादांच्या तळहातावर अलगद टेकलेली. एक हिसका दिला असता तर सुटली असती. भैरूनं तो दिला नाही. कित्येक दिवसांनी त्याचा श्वास पोटापर्यंत उतरत होता, आणि ते त्याला बरं वाटत होतं. कबूल मात्र करणार नव्हता.

वस्तादांनी बऱ्याच वेळानं टाच खाली ठेवली.

“ऊठ. हात वर कर.”

हात सरळ कानाला लागला! भैरूनं शड्डू ठोकला.

“आता बघाच रविवारी...”

“रविवारी कुस्ती न्हाई.”

“का? हात गेला की वर!”

“घोटा भरून येऊ दे. त्याचा तो येतो. तू फक्त आडवा येऊ नको.”

भैरूचं डोकं फिरलं. वर्षभर ज्या कुस्तीसाठी घाम गाळला, ती एका घोट्यापायी सोडायची?

“मी लढणार! तुम्ही न्हाई म्हणा, सारं गाव न्हाई म्हणू दे. लढणार म्हणजे लढणार! खांद्यात जरा कळ उरलीय, तेवढी काढून टाका. मग मी अन् माझं नशीब.”

वस्ताद धोतराच्या सोग्याला हात पुसत उठले.

“काढीन की. पण ती कळ गेली अन् पुढच्या खेपेला तू खोटं बोललास, तर मला खरं कोण सांगणार?”