खुणेच्या माळावरचे दगड

गडामागच्या माळावर वीतभर उंचीचे शेकडो दगड उभे आहेत. पावसाळ्यात त्यांच्या आसपास एक जाड पानांचा वेल झुडपांवर चढतो. त्याला ठिपक्याठिपक्यांची, कंदिलासारखी फुलं येतात. गडाच्या पाटीवर किल्लेदाराचं नाव आहे. हा वेल आणणारीचं नाही. ते गावातले म्हातारे अंबरचाचा सांगतात.

तिचं नाव जमरूद. आफ्रिकेतल्या हबशांच्या मुलखातून गलबताच्या तळाशी कोंडून आणलेली ही बाई गडाच्या मुदपाकखान्यात बटीक, म्हणजे गुलाम होती. येताना तिनं अंबाड्यात कंदाचा एक तुकडा लपवला होता, असं सांगतात. तो तिनं माळावर लावला. वीस वर्षांत माळभर वेल झाला.

मग सलग तीन वर्षं पाऊस फिरकला नाही. वेल वाळून उडून गेले, पण पाण्यानं भरलेले, खाण्याजोगे कंद जमिनीत होते. कुठे, ते एकट्या जमरूदला ठाऊक.

किल्लेदार म्हणाला, "सगळे दाखव. मोकळीक लिहून देतो."

"प्रत्येक कंद अर्धाच देईन, सरकार. कोंब फुटतो त्या डोळ्याकडचा अर्धा परत मातीत."

"दुष्काळात अर्धं कसलं?"

"पुढच्या दुष्काळासाठीचं."

त्यानं तिला विचार करायला आठ दिवस दिले. तिला आठ दिवस पुरेसे होते. पाणी आणायला जाता-येता ती प्रत्येक कंदाजवळ दगड रोवत गेली.

गावातली होनाई कोळीण तिला म्हणाली, "बये, कागद घे नि सूट. आमच्यापायी कशाला सडतेस?"

"कागद चुलीवर शिजतो का गं? दगडाखाली काही नाही, नीट ऐक. कंद दगडापासून हातभर लांब आहे." कोणत्या बाजूला, ते तिनं होनाईच्या कानात सांगितलं. होनाईनं अर्धा कंद परत पुरण्याची शपथ घेतली, तेव्हाच जमरूदनं तिला सोडलं. होनाईनं घराघरातल्या बायांना तशीच शपथ घालून ती बाजू सांगितली.

आठव्या दिवशी जमरूदनं नाही म्हणून सांगितलं. शिपायांनी दगड पाहिले आणि एकूणएक उपटून खालची जमीन खणली. हाताला फोड आले, कंद एक मिळाला नाही. ते गेल्यावर बायांनी दगड जागच्या जागी रोवले. ते कंद खाऊन गाव जगलं. जमरूद मात्र बटीक म्हणूनच मेली म्हणे. कागद तिनं पुन्हा मागितला नाही.

आजही परगावचे हौशी लोक कंद शोधायला कुदळी घेऊन येतात आणि दगडाखालीच उकरतात. गावच्या बाया बांधावर बसून बघतात. कुणी दिशा विचारली, तर त्याला पाणी देतात, आणि सगळे गेल्यावर खड्डे बुजवतात.