पायाखालची माती

"नाक कापायला गुरुवार चालेल ना, बाबा?"

दर्ग्याच्या अंगणात बसलेले आम्ही सगळे हबकलो. गफूरबाबांच्या हातातली माळ थांबली. बाबांपाशी बसून मी म्हातारा झालो, असा प्रश्न ऐकला नव्हता.

विचारणारी रोहिणी. बाबांची जुनी शिष्या, आणि तसं सांगत फिरणारी. शेजारी तिची पंधरा वर्षांची मुलगी केतकी, मान खाली घालून उभी.

"कुणाचं नाक?"

"हिचं. डॉक्टर बारीक करून देणार आहेत. हनुवटीसुद्धा."

"काही दुखणं?"

"दुखणं कसलं! मी हिचे व्हिडिओ टाकते ना मोबाईलवर. लोक नाकाला हसतात."

तिने एक फोटो दाखवला. बाबांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला.

"ही पोर कुणाची?"

"अहो, हीच की! मोबाईल असं करून देतो. डॉक्टरांना हाच फोटो दिलाय. म्हटलं, अस्सं करा."

बाबांनी केतकीकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे...

"बेटी, तुझं काय म्हणणं?"

केतकीने तोंड उघडलं. बोलली रोहिणी.

"तिला काय कळतंय! तुम्ही फक्त दृष्ट काढा, बाबा. जन्मल्यापासून तुम्हीच काढत आलात. चांगलं होऊ घातलंय, कुणाची नजर नको आडवी यायला."

बाबांनी मीठ-मोहरी हातात घेतली.

"ज्याची नजर, त्याच्या पायाखालची माती लागते."

"मला शिकवता होय? आणलीय." रोहिणीने पर्समधून पुडी काढली. "जावेच्या दारातली. तीच मेली जळते हिच्यावर."

बाबांनी पुडी बाजूला ठेवली. उठले. रोहिणीसमोर येऊन उभे राहिले.

"पाय उचल."

"कुणाचा... माझा?"

बाबा वाकले. तिच्या अनवाणी टाचेखालची माती खरवडली. मीठ-मोहरीत मिसळली. केतकीवरून उतरवू लागले.



केतकीने मान वर केली. तिचा हात आपल्या नाकावर गेला, आणि तिथेच राहिला.

रोहिणी पांढरीफटक पडली होती.

"बाबा... मी आई आहे हिची!"

"म्हणून मूठभर घेतली. परक्याची चिमूटभर पुरते."