मावळतीला न उघडलेली करंडी

एकदा एका उस्तादाने भरसभेत सोहळा मोडला आणि त्याच्या शिष्याला लाजेने मान खाली घालावी लागली.

उस्ताद वृद्ध होता. लग्नांत, उद्घाटनांत त्याने शिकवलेली पांढरी कबुतरे आकाशात सोडली जात. लोक टाळ्या वाजवत आणि कबुतरे तासाभरात आपल्या लाकडी ढाबळीत परत येत. ही ढाबळ एका शेठजींच्या गोदामाच्या गच्चीवर होती. शेठजींनी नवे सभागृह बांधले, तेव्हा पंधरा कबुतरे सोडायला त्यालाच बोलावणे आले. वेळ ठरली दुपारी चारची.

चार वाजले, पाच वाजले. प्रमुख पाहुणे उगवले सव्वासहाला. वेळेवर येतील ते प्रमुख कसले! सूर्य टेकडीआड चालला होता. सनई वाजली, शेठजींनी हात पुढे केला आणि उस्तादाने कबुतरांच्या करंडीची कडी घट्ट लावली.

"आज नाही."

"अहो, सगळे खोळंबलेत!" चेहऱ्यावरचे हसू तसेच ठेवून शेठजी कुजबुजले. "ढाबळ कुणाच्या गच्चीवर आहे, विसरू नका."

"विसरलो नाही," म्हणत उस्तादाने करंडी डोक्यावर घेतली आणि तो सभेच्या मधून सरळ चालू लागला.

शिष्य चाळिशीचा, चांगली नोकरी सोडून या विद्येमागे आलेला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. वाटेत तो म्हणाला, "उस्ताद, पाच मिनिटांचं काम होतं! ढाबळ गेली तर ही पाखरं दुसरं घर मानणार नाहीत. जन्मभर कोंडून ठेवावी लागतील."

"लागतील," उस्ताद म्हणाला. "पण अंधारात यांना वाट दिसत नाही. आत्ता सोडली असती, तर टाळ्या पडल्या असत्या आणि रात्री मांजरांनी, घुबडांनी यांचा फडशा पाडला असता. आजवर मी जेव्हा जेव्हा करंडी उघडली, तेव्हा घरी पोचण्याइतका दिवस शिल्लक होता. म्हणून ही बेधडक उडतात. हा यांचा विश्वास आहे. तो शेठजींना भेट द्यायला माझ्या मालकीचा आहे का?"

गोदामाच्या जिन्यापाशी शेठजींचा मुनीम आधीच येऊन उभा होता. पाहुणे मुक्कामाला आहेत, त्याने सांगितले. उद्या दिवेलागणीनंतर रोषणाईत कबुतरे सोडा, सर्वांसमक्ष माफी मागा, नाहीतर परवा गच्ची रिकामी करा.

उस्ताद बोलणार, तोच शिष्य पुढे झाला. त्याला भीती वाटत होती.

"शेठजींना सांगा, गच्ची रिकामी होईल. आणि पाहुण्यांना म्हणावं, कबुतरं बघायची असतील तर दिवसाउजेडी या!"

मुनीम पाय आपटत निघून गेला. शिष्याने बाह्या सरसावल्या आणि ढाबळीची पहिली फळी सोडवायला घेतली.

"फळ्यांवर खुणा करून ठेव," उस्ताद म्हणाला. "दुसरीकडे तशाच बसवायच्या आहेत."