मशीनची पाठ

माणसाने पाठ फिरवली की हत्यारं बोलू लागायची, त्या काळातली ही गोष्ट. रामलिंग जिनगर घरामागच्या शेडमध्ये पत्र्याच्या धान्यकोठ्या बनवत. पत्रा ताठ राहावा म्हणून त्यावर पन्हळी पाडायला त्यांनी एक स्वस्तातलं हातमशीन आणलं. पण जाड पत्रा घातला की मशीनची चौकटच वाकायची, पत्रा दाबणारे रूळ फाकायचे आणि पन्हळ उथळ पडायची.

"हाडातच दम नाही," पत्रा कापायची म्हातारी कात्री म्हणाली. "उद्या भंगारात जाणार तू."

"माझा जोर कमी नाही, मावशी," मशीन म्हणालं. "पाठच साथ देत नाही."

"स्वस्तातल्यांचं हेच रडगाणं."

सकाळी रामलिंग खरोखरच मशीनचे बोल्ट सोडवायला बसले. त्यांची बायको गोदाक्का बघत होती.

"अहो, पत्रा लवतो म्हणून तुम्ही तो फेकून देता का?"

"छे. पन्हळ पाडली की राहतो ताठ."

"मग ह्या बिचाऱ्याने जन्मभर दुसऱ्यांनाच ताठ करायचं? त्याच्याही पाठीला काहीतरी द्या की."

रामलिंग हसले. त्यांनी चौकटीच्या पाठीवर लोखंडी अँगलचा तुकडा वेल्डिंग करून बसवला. दुपारी त्याच जाड पत्र्यावर खोल, सरळ पन्हळ उमटली आणि चौकट केसभरही वाकली नाही.

पुढच्या महिन्यात शेडमध्ये एक स्वस्तातलं ड्रिल आलं. ते चालताना नुसतं थरथरायचं. कात्रीने तोंड उघडलं.

"थांबा, मावशी," मशीन म्हणालं. "आधी त्याला आधार कुठे हवाय ते बघू."