उतारावरचे काटे

एका जंगलात चितळांचा एक मोठा कळप राहत असे, आणि त्याच जंगलात वर झाडांवर वानरांची टोळी राहत असे. दोघांचं सख्य फार जुनं. वानरांनी उंचावरून लांबचं पाहायचं, चितळांनी खालचा वास घ्यायचा, आणि धोका कळला की एकमेकांना हाक द्यायची. जंगलाच्या एका अंगाला खोल नदी होती. तिला पायी ओलांडता येईल असा एकच उतार होता. दुसऱ्या अंगाला डोंगर होता, आणि डोंगरात एक अरुंद खिंड. मुलांनो, एवढं ध्यानात ठेवा. गोष्ट या दोन वाटांचीच आहे.

त्या जंगलात एक रीत होती. बाहेरून कुणी आसऱ्याला आलं, की त्याला आत घ्यायचं आणि पहिले आठ दिवस पहाऱ्यावर बसवायचं. कुठे? तर तो ज्याला भिऊन पळाला, त्याच्या वाटेकडे तोंड करून. ज्यानं भोगलेलं असतं त्याचे कान तिखट असतात, हो. पण एका उन्हाळ्यात काय झालं, आलेल्यांच्या गर्दीतून एक कोल्हा शिरला आणि त्यानं दोन पाडसं नेली. दुःख खरंच होतं, त्याला कुणी खोटं म्हणू नये. मग कळपाचा म्होरक्या सगळ्यांना जमवून म्हणाला, "आता रीत बदलायची. पुरती चौकशी होईपर्यंत कुणाला आत घ्यायचं नाही. आणि जो आत नाही, त्याचं बोलणंही आत घ्यायचं नाही. गोड बोलूनच तर घुसतात!" वानरांनी बोरी-बाभळीच्या फांद्या मोडून आणल्या आणि उताराच्या काठावर ही उंच काटेरी भिंत रचली. राखायला सगळी वानरं झाडांवरून खाली उतरून बसली.

पुढच्या उन्हाळ्यात नदीपलीकडचं रान वणव्यात जळालं. एक सांबरीण आपल्या पाडसाला घेऊन उताराशी आली.

"कोण ग तू?" काट्यांआडून एका वानरानं विचारलं.

"सांबरीण आहे दादा. हे माझं पाडस."

"तुझंच कशावरून? अन् सांबरीणच कशावरून? कोल्हासुद्धा कातडं पांघरून येईल एखादा."

"कोल्ह्याचे पाय एवढे लांब असतात का, दादा?" ती बिचारी म्हणाली. वानरं हसली. "जीभ तर बरीच लांब आहे. बस तिथंच, चौकशी चालू आहे."

ती बसली. पलीकडे नुसती राख, गवताची काडी नाही. दुसऱ्या दिवशी तिचं दूध आटलं. तिसऱ्या दिवशी ती उठून ओरडली, "अहो, माझं राहू द्या, पण ऐका! आमच्या मागं लागलेली रानकुत्री आज लांबून वळसा घालून डोंगर चढताना मी पाहिली. ती नदीवरून यायची नाहीत, खिंडीतून उतरतील. खिंडीकडे बघा!"

एक म्हातारी चितळीण काट्यांपाशी आली होती. कोल्ह्यानं नेलेल्यातलं एक पाडस तिचंच. ती म्होरक्याला म्हणाली, "बाबा, माझ्याइतकं कुणाचं गेलं नाही. तरी सांगते, तिला हवं तर घेऊ नकोस, पण दोन वानरं तरी वर चढव. बघायला काय जातंय?"

"आज तिचं ऐकलं, तर उद्या प्रत्येकजण तेच सांगत येईल," म्होरक्या म्हणाला. "आणि उतारावरची राखण मी कमी करणार नाही. नियम म्हणजे नियम."

सांबरीण ओरडत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी तिचं पाडस उठलं नाही. तिनं त्याला दोनदा नाकानं ढोसलं, मग चाटलं, आणि मग ती गप्प झाली. वानरं म्हणाली, "चला, सुटलो कटकटीतून."

त्याच दिवशी, चांगलं ऊन वर आल्यावर, रानकुत्री खिंडीतून उतरली. झाडांवर कुणी नव्हतं. हाक आली नाही. चितळांना वास आला तेव्हा कुत्री कळपात शिरली होती. सगळा कळप उधळला तो नदीकडे, उताराकडे, कारण पळायला दुसरी वाटच नव्हती. आणि उतारावर काटे होते. वानरांनी पक्के रचलेले. म्होरक्यानं शिंगांनी फांद्या उपसायला घेतल्या, पण फांदीत फांदी अडकलेली, शिंगंच त्यात गुंतली. म्हातारी चितळीण भिंतीला टेकून उभी राहिली. पलीकडे सांबरीण तिला दिसत होती, अगदी हाकेच्या अंतरावर.

"बाई, तू खरं सांगत होतीस," ती म्हणाली.

 

वानरं तेवढी वाचली. ती झाडांवर चढली आणि उंचावरून हाका देत राहिली, पण ऐकायला खाली कुणी नव्हतं. सांबरीण नदीकाठानं दुसरं रान शोधत निघून गेली. ते तिला मिळालं की तिथंही काटेच होते, मला ठाऊक नाही. उतारावरची भिंत मात्र जशीच्या तशी उभी होती. तिची एक फांदीही सुटली नव्हती.

तात्पर्य : दार लावायचं तर लावा, पण बाहेरचा काय सांगतो ते आधी ऐकून घ्या. संकट कुठल्या वाटेनं येतंय, हे त्याच्यापासून पळून आलेल्यालाच ठाऊक असतं.